वाघरीबाहेरची हाक

मोडनिंब,
६ डिसेंबर २०२४

चि. रुतूस म्हाळसाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हितं समदी खुशाल. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालो ते आता मोडनिंबाजवळ एका रानात बसलोय. फोनवर तू लई गडबडीत असतीस आन् हितं रेंज बी न्हाय, म्हणून सातवीपतूरचं शिक्षण वापरात काढलं. तुझा बाप आठवड्याला बाजार घेऊन येतो, पत्र त्याच्याच हाती देते.

काल हाटेलात लोक बोलत हुते, सांगोल्याकडची एक पोरगी सोलापुरात बँडमधी गाती. मला वाटलं लग्नातला बँड. तुझ्या बापाला, बिभीषणाला इचारलं तर म्हणला, ह्यो निराळा, अल्टरनेटिव्ह रॉक. कशापरास निराळा ते त्याला सांगता येईना. तूच सांग. पयलं तुमी कॉलेजात इंग्रजी गात हुता, बँडचं नाव बी जिभंला न झेपणारं. मग एकदम 'वाघर' कसं? मेंढरं आत ऱ्हावीत म्हणून जाळी लावतो ती वाघर. तू तर जाळीवरनं उडी मारून गेलेली. आन् दिवाळीत मी मेंढरं माघारी बोलवत हुते तवा माझ्या तोंडापुढं मोबाईल धरून का उभी ऱ्हायलीस, ते बी कळीव.

बिभीषण अजून फुगलेला हाय. इंजिनेर केली आन् गाणी म्हणत हिंडती, म्हणतो. पर तुझं पोस्टर मोटारसायकलीच्या डिक्कीत घडी घालून ठेवलंय, मी बघितलंय.

वेळंवर जेव. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुझी आत्या


सोलापूर,
१९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तालमीत मोठ्यानं वाचलं. संगप्पा, आमचा ड्रम वाजवणारा, हसून हसून स्टुलावरून घसरला. अक्कलकोटकडचा आहे, निम्मं कळलं तरी हसला.

निराळं म्हणजे काय, हे आम्हालाही चार वर्षं माहीत नव्हतं. मग एकदा गिटारवाला महेश्वर वैतागून म्हणाला की माझ्या घरी मागाचा खडखडाट, संगप्पाच्या घरी कन्नड भजन, ऋतुजाच्या घरी मेंढरं, आणि आपण गाणी म्हणतोय बर्फावर. त्या दिवशी इंग्रजी नाव सोडलं.

आता मोबाईलचं. आमचं नवं गाणं तुझ्या हाकेनं सुरू होतं, आत्या. ती लांबलचक हाक आणि शेवटी टाळूला जिभेच्या दोन टिचक्या. तुला गंमत दाखवायची म्हणून गप्प बसले होते. गाणं इतकं चाललंय की मार्चमध्ये पुण्याच्या मोठ्या महोत्सवात संध्याकाळची वेळ मिळाली आहे. बेस वाजवणाऱ्या दिग्विजयनं घरच्यांकडून मार्चपर्यंतची मुदत घेतली आहे. तिथं नाव झालं तर बँड राहील, नाहीतर प्रत्येकाला नोकरी बघावी लागेल. दुसरं असं गाणं आमच्याकडे नाही.

तुझं रागावणं वगळून बाकीचा सगळा लोभ असू दे.

तुझी ऋतुजा


जेऊर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. रुतूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं गाणं माझ्याआदी मेंढरांनी ऐकलं.

तोडलेल्या उसाच्या रानात चरत हुती. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला, त्याच्यावर तुझं गाणं मोठ्यानं लावलेलं. मी गप उभी आन् माझी हाक रस्त्यावरनं येती. समद्यांनी माना वर केल्या आन् ट्रॅक्टरामागं धावली. मी हिकडनं वरडते, तिकडनं बी मीच वरडते, मेंढरं तिकडचीकडं गेली. गाभण बांडी मेंढी ट्रॉलीखाली सापडली. गेली.

तवापासनं इथली पोरं मजा म्हणून ते मोबाईलवर लावत्यात. उद्या हायवेला कुणी लावलं तर कळप ऱ्हायचा न्हाय. एक कोडं सुटत न्हाय बघ. मेंढराला माझी चाल कळती, वास कळतो, मग डब्यातल्या आवाजाला कसं फसलं? तुला शिकलेलीला कळलं तर सांग.

रुतू, माझी हाक काढून घे. तुझा मार्च हाय, ठाऊक हाय मला. पर माझ्याकडं एक काठी आन् ती हाक, तिसरं काय न्हाय.

मायेला बाध न्हाय.

तुझी आत्या


सोलापूर,
३० मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

बांडीचं वाचून मला जेवण गेलं नाही. माझ्यामुळं झालं हे.

तुझं कोडं महेश्वरनं सोडवलं. रेकॉर्डिंगमधला वारा, घंटा, कुत्र्याचं भुंकणं आम्ही सगळं काढून टाकलं होतं, नुसती हाक ठेवून मोठी केली होती. मेंढरांना तू अगदी शेजारी उभी आहेस असं वाटलं असणार.

गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं. हाकेशिवाय गाणार म्हटल्यावर पुण्यात आमची संध्याकाळ गेली, दुपारची वेळ मिळाली. उन्हात मोजकी माणसं. हाकेच्या जागी आम्ही नुसते थांबलो, तर मागची दोघंतिघं स्वतःच हाक द्यायला लागली. टिचक्या कुणालाच जमल्या नाहीत. दिग्विजयनं नोकरी धरली. भांडला नाही, पण बेस न्यायलाही आला नाही अजून.

आत्या, ज्यांच्या मोबाईलात गाणं आधीच आहे, त्यांच्याकडून ते काढता येत नाही. त्याचं काय करावं सुचत नाही. तुला भेटायला यायचं होतं, पण हुबळीला आणि नाशिकला लहान कार्यक्रम मिळालेत, आता तिघांनाच सगळं ओढायचंय. दिवाळीला नक्की येते.

रागावली असलीस तरी पत्र पाठव.

तुझी ऋतुजा


अकलूज,
२५ मे २०२५

चि. रुतूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुचायचं काय त्यात. हाकच बदलली.

मुठीत मका घ्यायचा, नवी हाक मारायची, येईल त्याच्या तोंडात घालायचा. शेरडं लगीच शिकली, ती लबाडच. मेंढरांनी उन्हाळा खाल्ला. परवा बाभळीआड उभी राहून जुनी हाक देऊन बघितली. एका म्हातारीनं तेवढी मान वर केली आन् परत चराय लागली. जरा वाईट वाटलं मला. तुझ्या आजीकडनं आलेली हाक ती. म्हणून म्हणते, आता ती तू घे. गाण्यात परत घाल, न्हायतर कुटंच ऱ्हायची न्हाय. त्या दिग्विजयला बी निरोप दे, त्याचं वाजवायचं घेऊन जा म्हणावं, न्यायला आला की तितंच बसून वाजवाय लागंल.

नवी हाक कंची, ते तू इचारणारच. बारकी हुतीस तवा बांधाबांधानं पळायचीस, तवा मी मारायची तीच. रुतूऽऽ. तोंडात बसलेलीच हुती, शिकाय लागली न्हाय. बिभीषण आला की त्यो बी मारतो, फुगलेला असला तरी.

हल्ली दिवसभर माळावर तुझंच नाव असतं. रुतू म्हणलं की समदा कळप पळत येतो. जिचं नाव हाय ती तेवढी येत न्हाय.

तुझी आत्या