हिरव्या ठिपक्याखाली

रिसोड,
९ जून २०२५

प्रिय ऋषिकेश यास रज्जाकचाचाचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या सकीनाचाचीचे गुडघे दुखतात, ते सोडलं तर तक्रार नाही. सोयाबीनच्या बियाण्यासाठी बाजारात गर्दी आहे. तुझे बाबा रोज सकाळी दुकानापुढच्या बाकावर येऊन बसतात. म्हणजे बसायचे. त्याबद्दल पुढे लिहितो. फोनवरच बोलणार होतो, पण हा विषय निघाला की तुला मीटिंग लागते, म्हणून पत्र.

तुझ्या कंपनीचा फॉर्म मिळाला. परदेशी नाश्त्याचे खोके तुमच्या भागातून का दिसेनासे झाले, असा प्रश्न आहे. खाली तीन चौकटी: भाव, चव, थंड दुधाची सवय नाही. तू म्हणालास, "चाचा, दुधावर टिक करा."

लोकांनी खोक्यातल्या कुरकुरीत नाश्त्यावर उकळतं दूध ओतलं आणि त्याचा गुलाबी लगदा झाला, हे खरं आहे. मीही खाल्ला. भिजलेल्या पुठ्ठ्यावर साखर टाकल्यासारखा लागला. तरी लेकरं मागत होती, त्यातल्या रंगीत मऊ गोळ्यांसाठी. इथं आणि मंगरूळपीरला मिळून बारा दुकानं तो माल ठेवत होती. आज एकही ठेवत नाही. नुसत्या लगद्यानं एवढं होत नाही.

मे महिन्याच्या उन्हानं डिंक सुटला आणि तुम्ही पाठवलेले हिरव्या ठिपक्याचे स्टिकर खोक्यांवरून सरकायला लागले. विहिरींना सुरुंग लावणारा रतनसिंग नातवासाठी खोका घ्यायला आला होता. त्यानं नखानं स्टिकर काढला, खालचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि भर दुकानात म्हणाला, "रज्जाकभाई, जिलेटिन? किन्हीराजा गावच्या विहिरीत म्या काल हेच भरलं. तुमी लेकरायले खाऊ घालून राह्यले? वात कोन्या डब्यात हाय?"

दुकान हसलं. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई खोका परत घेऊन आली, अंगापासून लांब धरून. "पोट्ट्याच्या पोटात फुटलं तं कोन जबाबदार?" मी समजावत सुटलो, की सुरुंगाचं जिलेटिन वेगळं, हे वेगळं. तेव्हा तिनं विचारलं, "मंग हे कायचं हाय?"

आमची नात जिकरा वाशीमला फार्मसी शिकते. तिला लेबलाचा फोटो पाठवला. ती म्हणाली, "दादा, कातडी आणि हाडं उकळून काढतात. परदेशात बऱ्याचदा डुकराची." मी मोरीत जाऊन ओकलो.

पण मला हे त्या दिवशीच कळलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. फेब्रुवारीत पहिले स्टिकर लावताना तो शब्द माझ्या अंगठ्याखाली आला होता. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "त्याच ओळीवर लावा चाचा, बरोबर त्याच ओळीवर." ज्या शब्दावर मुद्दाम कागद चिकटवायचा तो शब्द चांगला नसतो, एवढं चाळीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला कळतं. तरी मी दोनशे खोक्यांना लावले. आता जेवायला बसलो की स्वतःच्या बोटांची किळस येते. उठून पुन्हा हात धुतो.

हे सगळं मी फॉर्मच्या मागे लिहिलं आणि सही करून कंपनीला रजिस्टरनं पाठवलं. त्यात तुझं नाव आहे, माझंही आहे.

आता तुझ्या बाबांचं. मुलानं पाठवलेला माल म्हणून ते रोज खायचे. दात नाहीत, म्हणून त्या मऊ गोळ्या आधी वेचायचे. महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन मांस-मच्छी सोडल्याला त्यांना तीस वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याला विचारतात, हा चमचा कोणत्या भांड्यातला. मलाही विचारलं होतं, "रज्जाक, यात वंगाळ काही नाही ना?" मी ठिपका दाखवला. "हिरवा हाय, पुंजाजीभाऊ. बिनधास्त खा."

शनिवारी मी तुमच्या घरी गेलो आणि माझं सगळं सांगून टाकलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी तोंडात बोट घालून हिरड्या पुसल्या, पुन्हा पुन्हा, आणि बोट धोतराला पुसलं. मग उठून चूळ भरली. बराच वेळ भरत राहिले.

नंतर म्हणाले, "तुह्यं झालं सांगून. आता एक सांग. रिशीले मालूम होतं काय?"

मला "होतं" म्हणता आलं नाही. "नव्हतं" म्हणायला तोंड उघडलं, पण तेही जमलं नाही. "त्यालेच इचारा," म्हणालो.

"इचारीन. फोनवर नाही. तोंड पाहून इचारीन."

तेव्हापासून ते घराबाहेर आलेले नाहीत. तुझी बहीण साधना म्हणते, स्वतःची भाकरी स्वतः थापतात, तिच्या हातचंही घेत नाहीत.

तू ये. मी मध्ये पडणार नाही आणि तुझ्या बाजूनं बोलणारही नाही. पण तुला घ्यायला बसस्टँडवर येईन. त्या दारात एकट्यानं उभं राहणं काय असतं, ते मी शनिवारी पाहिलं आहे.

तुझ्या अपराधातला अर्धा वाटेकरी,
रज्जाकचाचा