आपोआप चालणारा बादल्यांचा कारखाना

३ मार्च, सकाळी १०
गेम बनवणाऱ्या एका कंपनीने नोकरीसाठी नमुना मागितला आहे: ब्राउझरमध्ये चालणारा एक छोटा, पूर्ण गेम. मुदत २१ मार्च, दुपारी बारा. मी बादल्यांचा कारखाना करणार. क्लिक केलं की एक बादली. पुरेशा बादल्या झाल्या की कामगार ठेवायचे. मग आपण काही करायचं नाही, बादल्या होत राहतात. काम दोन दिवसांचं. आठ महिने घरी बसले आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

५ मार्च
जवळजवळ पूर्ण. बादलीचा निळा तेवढा ठरायचा आहे.

९ मार्च
निळा ठरला. पहिल्या दिवशी होता तोच. आई म्हणाली, एवढ्या दिवसांत घरातल्या सगळ्या बादल्या घासून झाल्या असत्या.

१२ मार्च, दुपारी ३
आजपासून रोज चार तास टेस्टिंग. स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. आज नऊ लाख बादल्या, चुका शून्य. दादा म्हणाला, खेळत बसलीयस. त्याला टेस्टिंग म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, मग मलाही थोडं टेस्टिंग करू दे. दिलं नाही.

१४ मार्च
बाबांना गेम दिला. अठ्ठावीस वर्षं सुपरवायझर होते, विषय ओळखीचा. दहा कामगार लावले आणि दुसऱ्या टॅबमध्ये तासभर बातम्या वाचल्या. परत येऊन तक्रार: तुझे कामगार पाठ वळली की बसतात, असले पुष्कळ पाहिलेत मी. तपासलं. माझ्यासमोर सगळे चोख काम करत होते. नोंद केली: वापरणाऱ्याचा गैरसमज.

१५ मार्च
बाबांनी कागदावर हिशेब आणला. दहा कामगार, सेकंदाला एकेक बादली, तासाला छत्तीस हजार. मिळाल्या साडेतीनशे. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी पूर्ण तास गेम बघत बसले. बरोबर छत्तीस हजार. म्हणाले, तू बसलीस म्हणून. अशा माणसाशी वाद घालता येत नाही.

१७ मार्च
कामात व्यत्यय नको म्हणून बाबांचं टेस्टिंग बंद केलं. वाचलेल्या वेळात फाँट बदलला.

२१ मार्च, सकाळी ११.५२
लिंक पाठवली. आठ मिनिटं हातात ठेवून. याला नियोजन म्हणतात.

२४ मार्च, दुपारी २
कंपनीचं उत्तर. त्यांच्या परीक्षकाने कामगार लावले, दुसऱ्या टॅबमध्ये तासभर मीटिंग केली आणि परत आला. साडेतीनशे बादल्या. समोर नसलेल्या टॅबचं काम ब्राउझर मंदावतो, हे या पदाच्या उमेदवाराला ठाऊक असावं अशी त्यांची अपेक्षा होती. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.

दुपारी ३
दुरुस्ती केली. टॅबवर परत आल्यावर घड्याळ पाहायचं आणि गेलेल्या वेळाच्या बादल्या एकदम द्यायच्या. चार ओळी. बारा मिनिटं लागली.

संध्याकाळी ७
जेवताना बाबांनी विचारलं, काही कळलं का. सांगितलं, त्यांच्याकडे सध्या जागाच नाही. ते म्हणाले, होतं असं, भरती कधी थांबेल सांगता येत नाही. मग मला भाजी वाढली, मी मागितली नव्हती.

मेल पुन्हा पाहिली. साडेदहाला आलेली. मी दीडला उघडली, तेव्हा ती ठळक अक्षरात नव्हती. म्हणजे आधीच कोणीतरी वाचलेली. सकाळभर माझ्या लॅपटॉपवर बाबा बातम्या वाचत होते.