खळ्यातली माती

वेसावे,
१४ ऑक्टोबर १९७२

ती. हरेश्वरदादास कमळचा सा. न. वि. वि.

घटातलं धान्य मेलं. सखुबाईकाकूने आज काडीने उकरून पाहिलं. कोंब हिरवे वर आले, मग टोकं करपून आडवे पडले. देवी कोपली म्हणून आई रडते. कोप कसला? माती दरवर्षीसारखी आपल्या मासळी सुकवायच्या खळ्यातलीच घेतली होती. तिच्यावर तू आषाढात तुझ्या कारखान्यातलं तणनाशक फवारलंस. बायकांनी खुरपून कंबर का मोडावी, दोन महिन्यांत मातीत विरेल, असं म्हणाला होतास.

आता त्याच मातीवर जवळा सुकवायचा? तुळशीदासमामा म्हणतात, सुकवू नि घाटावर पाठवू, तिथे कोणाला कळतंय! थुंकावंसं वाटलं. होड्या दोन-चार दिवसांत भरून येतील. काय ते लगेच लिही, आणि औषधाचं गुणगान नको.

लोभ आहेच, पण राग उतरल्यावर.
कमळ


मुलुंड,
१८ ऑक्टोबर

चि. कमळ हिस आशीर्वाद.

आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारलं. औषध आपोआप विरत नाही, मातीतले बारीक जीव ते खातात. त्यांना ओल, हवा आणि शेणखत लागतं. शेतात ते असतं. आपलं खळं चोपून दगड केलेलं, त्यात यंदा पाऊस नाही. तिथे खाणारं कोण?

माती भुसभुशीत करून शेण मिसळावं लागेल, पण मग हंगाम बुडाला. त्यापेक्षा वर चटया घाला, जवळा सुकवा नि गप्प राहा. मामा अगदीच चूक नाहीत.

आईला जप. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
हरेश्वर


वेसावे,
२१ ऑक्टोबर

दादास सा. न. वि. वि.

गप्प राहा? पत्र वाचून हात धुतले रे! तुझ्या फवारणीनंतर आम्ही खळं चोपत होतो, तेव्हा तू ओट्यावर बसून बांगडा खात होतास. चोपू नका, एवढंही सांगितलं नाहीस.

काल काकू नि मी कुदळ घेऊन सगळं खळं खणून काढलं. चटई घालायला जागाच ठेवली नाही. मामा बोंबलून गेले. शेण कालवलंय, रोज पाणी मारतो. जवळा ओलाच विकतोय, पडेल त्या भावाने; यंदाची दिवाळी कोरडीच.

आता दर महिन्याला मूठभर मेथी पेरणार. ती उगवून हिरवी टिकली, की खळं पुन्हा चोपू. त्यावरचा पहिला जवळा तू खायचास, आम्ही समोर बसून बघणार. तोवर आईची माया तुझ्यावर आहे, माझी मातीत आहे.

कमळ