पहिल्या रांगेत बसलेला माणूस

शिकागो,
शुक्रवार

प्रिय व्हर्जिल,

तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. फोनवर तुझ्याशी खोटं बोलणं फार सोपं आहे, कारण तू लगेच हसतोस आणि माणूस सुटतो. म्हणून आज कागद घेऊन बसलोय; उद्या कुरियरने तुझ्या हातात पडेल. चाळीस वर्षांच्या ओळखीत तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझा प्रश्न सरळ आहे: तुझ्या केलनने ड्राफ्टमध्ये नाव ठेवायचं की मागे घ्यायचं? बुधवारी मुदत संपते. तोवर नाव मागे घेतलं तर पोरगा कॉलेजात परत येईल. संघातली जागा शाबूत, शिष्यवृत्ती शाबूत, आणि खेळायला अजून एक अख्खा हंगाम. नाही घेतलं तर कॉलेजचं दार कायमचं बंद. मग जूनमध्ये व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे तीस क्लब पाळीपाळीने साठेक पोरं उचलतील, त्यात त्याचा नंबर लागायला हवा. पहिल्या तिसात लागला तर पक्का करार. त्याखाली लागला तर नुसती आशा. आणि लागलाच नाही, तर कुठल्या तरी परक्या देशातल्या गारठलेल्या जिममध्ये, जिथे त्याचं नावही नीट उच्चारणार नाहीत. तू म्हणालास, "यादीत बाविसावा आहे लॉनी, बाविसावा! पण तू सांगशील तसं करू." त्यातलं पहिलं वाक्य मी विसरलो असतो. दुसरं काही पाठ सोडेना.

ड्राफ्टआधी पोरं पारखायला आम्ही सगळ्या क्लबांची हेरगिरी करणारी माणसं इथे जमलोय; आठवडाभर जे चाललंय ते तू बघायला हवं होतंस. आपल्या गावच्या जत्रेत डुकरं मोजतात तेव्हा निदान डुकरांना प्रश्न तरी विचारत नाहीत. पहिल्या दिवशी पोरांना बूट काढून भिंतीला उभं केलं. कॉलेजांनी छापलेले सगळे उंचपुरे गार्ड एका तासात आखडले. आपल्या केलनला कॉलेजने सहा फूट तीन इंच छापलं होतं. मोजे घालून तो सहा फूट पाऊण इंच भरला. त्यावर कुणालाही लाज वाटली नाही. सगळ्यांनी मान डोलवून आकडा उतरवून घेतला, कारण खोटं बोललेला प्रत्येकजण त्याच खोलीत होता. मग हाताचा पंजा मोजला, हात पसरून मोजले, आणि मग एक मानसशास्त्रज्ञ बाई आल्या. त्या पोरांना विचारतात, तू स्वयंपाकघरातली वस्तू असतास तर कोणती असतास? चार गार्ड म्हणाले, सुरी. चौघांचा एजंट एकच, त्यानेच घोकून घेतलेलं. तुझा केलन त्या चौघांतलाच. बाईंनी चौघांच्याही नावापुढे 'लढाऊ वृत्ती' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी त्या एजंटने भाड्याच्या जिममध्ये आपल्या पोरांचं प्रदर्शन मांडलं. मैदानात आठ खुर्च्या मांडल्या होत्या. पोरं खुर्च्यांना चकवत होती, चेंडू पायांतून काढत होती, पाठीमागून काढत होती, आणि कडेला पोलोशर्ट घातलेली सत्तर मोठी माणसं डोळे बारीक करून बघत होती. खुर्ची काही हात घालून चेंडू काढून घेत नाही, आईवरून शिवी देत नाही, की डावीकडेच जा म्हणून खांदा लावत नाही. तरी माझ्या शेजारचा म्हातारा, एका नामांकित क्लबचा, दर चकव्याला 'वा वा' म्हणत होता. मी त्याला विचारलं, खुर्च्यांपैकी कुणाला घेणार? तो मनापासून विचारात पडला. या धंद्यात मी टिकलोय ते माझ्या हुशारीने नाही रे, बाकीच्यांच्या भरवशावर.

आणि याद्या! स्पेन्सर नावाचा एक तिशीतला गृहस्थ आहे, इंटरनेटवर कोण कितव्या नंबरला जाणार याची यादी छापतो. आयुष्यात कधी मैदानात पडून गुडघा फोडून घेतला नसेल, पण बाविसावा आणि तेविसावा यांतला फरक तो तुला ठणकावून सांगेल. कॉफीच्या रांगेत उभं राहून चार जणांची कुजबुज ऐकायची आणि तिला आकडे लावायचे, एवढंच त्याचं शास्त्र. तू ती यादी दुकानात भिंतीला चिकटवलीयेस, असं मार्व्हा वहिनी म्हणाली. आज काढून टाक.

मी बारा वर्षं कॉलेजच्या संघाची बस चालवली हे इथल्या लोकांना मी मुद्दाम सांगतो. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण मी जे काही शिकलो ते तिथेच. हरलेल्या सामन्यानंतर बसमध्ये पहिल्यांदा कोण बोलतं, आणि तो बोलल्यावर बाकीचे बोलायला लागतात की आणखी गप्प होतात, एवढ्यावरून मी पाठमोरा बसून गार्ड ओळखायचो. चेंडू हातात घेऊन संघ चालवणारा पोरगा म्हणजे गार्ड, आणि संघ आवाजावर चालतो. पुढून कुणी आडवा येतोय, मागून कोण सुटलंय, हे ओरडून सांगावं लागतं. आपल्या शाळेच्या संघात तू हे करायचास. मी बाकावर बसून नुसतं ऐकायचो, आणि सामना न बघताही आपण पुढे आहोत की मागे हे मला तुझ्या आवाजावरून कळायचं. तुला कुणी मोजलं नाही, कुणी पंजा बघितला नाही. तू टायरच्या दुकानात गेलास आणि मी बसवर, तिथून इथे. यात न्याय शोधू नकोस, मीही शोधत नाही.

आता केलन. तू बाप आहेस म्हणून गोड करून सांगत नाही. त्याचा हात मऊ आहे. मोकळा उभा राहिला तर चेंडू आत टाकतो आणि टाकताना घाई करत नाही. एवढं चांगलं. पण डावीकडे तो दोन टप्पे टाकतो आणि तिसऱ्याला घर आठवल्यासारखा उजवीकडे वळतो. कॉलेजात हे खपतं. मार्चमधल्या त्या शेवटच्या सामन्यात समोरच्या प्रशिक्षकाने हे हेरलं, त्याला सतत डावीकडे रेटलं, आणि त्याने सात वेळा चेंडू गमावला. तू म्हणालास पंच नालायक होते. पंच नालायक होतेच, पण ते सात चेंडू पंचांनी नाही गमावले. दोघांनी मिळून कोंडलं की तो चेंडू छातीशी धरून पाठ फिरवतो; लीगमध्ये पाठ फिरवणाऱ्याला त्याच रात्रीच्या विमानाने परत धाडतात. आणि बचाव करताना तो बोलत नाही, व्हर्जिल. तुझा मुलगा, आणि बोलत नाही! मागचा बिचारा आडव्या आलेल्या गड्यावर जाऊन आदळतो आणि मग केलनकडे बघतो. तो उर्मट नाही, त्याच्याकडे कुणी कधी मागितलंच नाही, कारण तो गुण करून देत होता आणि प्रशिक्षकाला नोकरी टिकवायची होती.

पण एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत, घरच्या मैदानावर, शेवटच्या दोन मिनिटांत त्याच्याच संघातल्या त्या जाड्या सेंटरने रिंगखालून सोपा चेंडू चुकवला. अख्खं जिम कण्हलं. पुढच्याच चढाईत केलन स्वतः मोकळा होता, तरी त्याने चेंडू पुन्हा त्याच जाड्याला दिला. जाड्याने तो आत टाकला आणि बचावाला परत जाताना तो दुप्पट वेगाने पळाला. हे शिकवून येत नाही. डावा हात शिकवता येतो, तोंडही उघडायला लावता येतं. एक वर्ष लागेल. शंभर दिवस उजवा हात खिशात घालून खेळव त्याला.

आता इथे काय ऐकलं ते. माझे कान अजून तसेच आहेत. काल सकाळी न्याहारीच्या रांगेत माझ्यापुढे दोन क्लबांची माणसं उभी होती. त्यांना वाटलं मी अंडी निवडण्यात गुंतलोय.

"तो केलन प्रुइट तुम्ही घेताय का?"

"छे, आमच्या साहेबांना नको. पण लॉनीचा क्लब घेणार म्हणतात, त्यांच्या सव्विसाव्या पाळीला."

"मग आपण एकदा नीट बघायला हवा होता."

"तू बघितलास?"

"नाही. तू?"

"लॉनी बघतोय ना."

मग मी आठ-नऊ जणांकडे सहज म्हणून चौकशी केली. प्रत्येकाने हेच सांगितलं. आम्हाला नको, पण दुसऱ्या कुणाला तरी हवाय. कुणाला? आणि फिरून फिरून ते माझंच नाव घेत होते, माझ्याच तोंडावर, डोळा मारून. तीस क्लबांत तुझ्या मुलाचा बाविसावा नंबर कुणाच्याच मनात नाही. माझ्या क्लबच्याही नाही. आमच्या निवडीच्या फळ्यावर त्याचं नावच नाही, ना पहिल्या तिसात, ना साठात. तो एजंट तुला म्हणेल की लॉनी मुद्दाम कमी लेखतोय, हे असंच असतं, शेवटच्या क्षणी किंमत पाडतात. इतर क्लबांच्या बाबतीत ते खरंही असतं. म्हणूनच हे पत्र मी तुझ्या पोराच्या आणि त्या एजंटच्या मध्ये टाकायला लिहितोय, आणि म्हणूनच आता पुढचं लिहावं लागणार.

आमच्या क्लबला ओहायोतला एक गार्ड हवाय, ट्रेमेन ओडम. चोवीस वर्षांचा, यादीत कुठेही नाही, आणि बचाव करताना एवढा बोलतो की पंच त्याला गप्प बसायला सांगतात. मी त्याला नोव्हेंबरमध्ये शोधला. पण या धंद्यात कोण कुणाच्या जिममध्ये बसतो यावर सगळ्यांची नजर असते. मी ओडमच्या सामन्याला दुसऱ्यांदा दिसलो असतो तर आठवड्याभरात दहा क्लब तिथे जमले असते. म्हणून साहेब म्हणाले, तू दुसरीकडे कुठेतरी दिस. भरपूर दिस. मी तुमच्याकडे आलो. जानेवारीपासून पाच वेळा, क्लबचं जाकीट घालून, पहिल्या रांगेत, तुझ्या शेजारी. तू लोकांना सांगत होतास की लॉनी मैत्रीसाठी एवढ्या लांबून येतो. मीही तेच सांगत होतो, आणि कुणी विश्वास ठेवू नये अशा आवाजात सांगत होतो. स्पेन्सर दोनदा मागे बसला होता. मध्यंतरात मी फोनवर, त्याला ऐकू जाईल इतपत, 'केलन आपल्या सव्विसाव्या पाळीपर्यंत शिल्लक राहील का, की आधीच कुणी उचलेल' असं म्हणालो. फोनच्या पलीकडे कुणी नव्हतं. बाविसावा नंबर तिथून आला, व्हर्जिल. ज्या लोकांना मी वर पानभर हसलो, त्यांचं हसं करणारं खोटं मीच पुरवलं. आणि त्यासाठी मी तुझ्या घरची डुकराच्या मांसाची तळलेली सँडविचं खाल्ली आणि मार्व्हाने डब्यात भरून दिलेलंही नेलं.

तर उत्तर हे: नाव मागे घ्या. बुधवारची वाट बघू नका, सोमवारीच फॉर्म पाठवा. केलन ऐकणार नाही, त्याला वाटेल लॉनीकाका जळतो. त्याला हे पत्र वाचायला दे. एजंट ऐकणार नाही, त्यालाही दे. तो ते चार ठिकाणी दाखवेल, ओडमचं नाव फुटेल आणि माझी नोकरी जाईल. त्याचा विचार मी करून झालाय, तू करू नकोस, आणि मला वाचवायला हे पत्र खिशात ठेवलंस तर मात्र मी तुला कधी माफ करणार नाही. माझ्याशी बोलायचं की नाही ते तुम्ही तिघं मिळून ठरवा. आणि एक शेवटचं. त्या पाच सामन्यांत मी तुझ्या मुलाकडे बघत नव्हतो. कोण कुठून मला बघतोय ते बघत होतो. वहीत केलनबद्दल एक अक्षर नव्हतं. या आठवड्यात तीन दिवस खोलीचं दार लावून मी त्याचे सगळे एकतीस सामने चित्रफितीवर पाहिले, पहिल्यांदाच. त्या जाड्या सेंटरला दिलेला चेंडूसुद्धा. त्या दिवशी मी तुझ्या शेजारीच बसलो होतो, पण तो मला आत्ता दिसला. वर लिहिलंय ते सगळं त्यातलं. तीस क्लबांत केलनबद्दल कुणी खरं लिहिलेला दुसरा कागद नाही. हा एवढाच आहे, आणि तो तुझ्याकडे येतोय.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
लॉनी