तिचा निळा पासपोर्ट

बाबा, तुमची सून शेजारच्या खोलीत कपाट उपसते आहे आणि मी दार लोटून तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. तिला घेऊन मी बेलारूसहून परतलो, त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. ती आईच्या हाताखाली आपली बोली शिकली. चंद्रपूरच्या बाजारात मासे घेताना अशी भांडते, की बायका भाजीच्या पाट्या सोडून बघायला येतात. तिचं सगळं आपल्यासारखं झालं, फक्त पासपोर्ट तिकडचा राहिला. त्याची मुदत संपायला दोन महिने आहेत आणि मी फार घाबरलो आहे.

आजवर भीती नव्हती. मुदत संपत आली की दिल्लीला त्यांच्या वकिलातीत जायचं, नवा पासपोर्ट मिळायचा. आता तिकडचा नियम बदलला. परदेशात राहणाऱ्याला परदेशात पासपोर्ट मिळणार नाही, हवा असेल त्याने मायदेशी येऊन घ्यावा. नाही गेली तर इथे राहण्याचा परवाना कशावर मिळणार? भारताचं नागरिकत्व मागायचं तरी हातात चालू पासपोर्ट लागतो. ते मागायला हवं होतं केव्हाच. पण तिची आई तिकडे विटेब्स्कला एकटी, तिकडचं सोडलं तर दर भेटीला व्हिसा मागत बसावं लागणार, म्हणून मीच वर्षानुवर्षं म्हणत राहिलो, बघू, घाई काय आहे. आणि गेली तर? तिकडे निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर उतरले होते, तेव्हा तिने इथे, आपल्या ओट्याशी उभं राहून, मोबाइलवर त्या गर्दीचे चार फोटो पुढे पाठवले होते. तिची शाळेतली मैत्रीण तेवढ्याचसाठी धरली गेली. पोलंडहून घरी जात होती, सीमेवर मोबाइल तपासला आणि आत नेलं. पंधरा दिवस म्हणाले होते. अजून तिचा फोन लागत नाही.

परवा भात शिजेपर्यंत ती मला तिकडच्या कायद्याची सगळी कथा सांगत होती. एक्क्याण्णव साली सोव्हिएत देश मोडायला लागला, तेव्हा त्यांचा पहिला कायदा आला. त्या दिवशी जो तिथे कायमचा राहत होता, तो तिथला. तिची आई जन्मली सायबेरियात, विटेब्स्कला गिरणीत कामाला आलेली, ती अशीच एका दिवसात बेलारूसची झाली. बाप कोण, भाषा कोणती, कुणी विचारलं नाही. पुढे कायदा नव्याने लिहिला, तरी जन्माने मिळालेलं नागरिकत्व कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. आता तेही राहिलं नाही. परदेशात बसून देशाविरुद्ध काही केलं असा निकाल लागला, की जन्माचंही काढता येतं, माणूस कोर्टात हजर नसला तरी. "माही माय घरी होती म्हून तिले घेतलं," ती म्हणाली, "अन् मी घरी नाई म्हून मले काढतीन." आणि तिने भात उतरवला.

मला तेव्हा तुमचं रजिस्टर आठवलं. पोंभुर्ण्याकडचा आपला तलाव, मच्छीमार सोसायटी आणि तुम्ही तिचे सचिव. जो गावात राहतो तोच सभासद, असा नियम. मी पॉलिटेक्निकला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. तलाव मारायचा, वर्षाची मासळी एकदम काढायचा दिवस आहे, सगळे तलावाच्या बांधावर, पाळीवर जमलेत आणि तीन वर्षं तेलंगणात मिरची तोडायला गेलेला एक जण खांद्यावर जाळं घेऊन आला आहे. तुम्ही म्हणता, "तुहं नाव कटलं भाऊ. तू इथी होतास कुठी?" तो म्हणतो, "माहा बाप याच पान्यात मासे धरत मेला. मंग मी कुठचा, सांगा ना." तुम्ही रजिस्टर मिटता. सगळे पाण्यात उतरतात, तो दुपारपर्यंत तसाच पाळीवर उभा राहतो. तुम्ही दुष्ट नव्हता बाबा, नियमाने वागलात. मला भीती त्याचीच वाटते. तिकडच्या खिडकीमागेही तुमच्यासारखा एखादा भला माणूस बसलेला असेल.

माझं नाव मात्र तुम्ही कापलं नाही. खाणीतल्या मोठ्या डंपरांच्या दुरुस्तीचं शिकायला मी तिकडे गेलो, तर दर वर्षी लोक तुम्हाला विचारायचे, "पोरगा बाहेरदेशी, त्याचं नाव काऊन ठेवता?" आणि तुम्ही म्हणायचात, "येते ना तो." हे मला आईने तुमच्या पाठीमागे सांगितलं.

मी निघालो त्या सकाळी माझा पासपोर्ट सापडत नव्हता. आठची बस होती. आईने धान्याच्या कोठीतसुद्धा हात घातला. शेवटी तुम्ही खुंटीवरचं जाळं उतरवलं आणि त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट काढून दिलात. "उंदरं कुरतडतीन म्हून ठेवलो होतो," म्हणालात. मी शेजारपाजाऱ्यांसमोर ओरडलो, "मी जाऊ नाई असं वाटते ना तुमाले, मंग सरळ सांगा ना!" बस यायच्या आधीच तलावाकडे निघून गेलात. त्यानंतर आपण समोरासमोर बोललो नाही.

तिचं कपाट झालं वाटतं, आता गाद्या उचलते आहे. तिकीट मंगळवारचं आहे. काल मी तिला जाऊ नको म्हणालो, तर ती शांतपणे म्हणाली, "माय एकटी आहे. अन् कागद नसन तर मी इथी तरी कोन?" लपवून मुदत थांबत नाही, हे मला कळतं. मंगळवारपर्यंत देईनही तिला. पण आज सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी माळ्यावरून तुमचं जाळं काढलं आणि पासपोर्ट दोन पिशव्यांत गुंडाळून त्यात ठेवला. हे पत्रही तिथेच ठेवतो, पाठवायचं तरी कुठे.

आता ती दारात येईल, विचारेल. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे बाबा, इथे कधी उंदीर दिसला नाही. तरी मी उंदरांचंच नाव सांगणार आहे.