टेबलाखालचा खेळ

आई, तुला तुझ्या थोरलीचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझी नात बबडी अजून फारसं बोलत नाही, पण जेवते नीट. तिचं डोकं वेगळ्या तऱ्हेनं चालतं म्हणे. तू काळजी करू नकोस, मी करतेच आहे.

दर रविवारी आम्ही नाटकाचे खेळ खेळायला एका वर्गाला जातो, लहानमोठे सगळे असतात. तिथं पाठ काही करायचं नसतं. एकानं जे केलं, ते दुसऱ्यांनी पुढं न्यायचं. परवा टाळ्या झाल्या तशी बबडी कान झाकून टेबलाखाली शिरली. मी धावले ओढायला, तर शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "अहो थांबा, तिनं खेळ सुरू केलाय."

आणि काय सांगू, मोठमोठी माणसं कान झाकून टेबलाखाली! बबडी खदखदून हसली.

त्यातला एक बसड्रायव्हर मला म्हणाला, "मी पण लहानपणी असाच लपायचो."

"तुमची आई घाबरायची का हो?"

"अजून घाबरते. पण माझा एकही खेळ चुकवत नाही."

सुट्टीत बबडीला घेऊन यावं म्हणते. लोक काहीबाही बोलतील, त्याचीच धास्ती आहे. तेव्हा तू तिच्याजवळ बसशील ना, आई?

तुझीच,
थोरली