कपाटातला घेवडा

प्रिय भट्टीकर,

आधी बातमी सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा नाही. सोमवारी माझा प्रबंध जाणार नाही. पुढच्या सहा महिन्यांत जाईल असंही वाटत नाही. मी बरी आहे, माझ्या गाईड बाईंनी मला हाकललेलं नाही, डोकंही ठिकाणावर आहे. तेव्हा उभ्याउभ्या वाचू नकोस. पिठाने माखलेले बूट दाराशी काढ, पाणी पी आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बस. कारण सांगायला मला जरा लांबून यावं लागणार आहे. एकाच घरात राहून नवऱ्याला पत्र लिहायची वेळ आली म्हणून हसूही नकोस. आपण दोघं जागेपणी भेटतो ते संध्याकाळी पाच ते आठ, आणि त्यात निम्मा वेळ तू जांभया देतोस, उरलेला निम्मा मी. समोरासमोर बोलायला गेले तर तू विषय बदलशील आणि मी तो बदलू देईन, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आत्ता सकाळी सातची नोंद घेऊन पलंगाच्या कडेला बसले आहे. डोक्यावर दोरीला आपले कपडे लटकलेत आणि तुझ्या निळ्या शर्टाची बाही माझ्या केसांना लागते आहे, जणू कुणी हळूच डोक्यावरून हात फिरवतंय. पाच महिने झाले आपले कपडे असे बाहेर आणि घेवडा कपाटात. कुठल्या घरात असं चालतं रे? विभागातली अंधारखोली दुसऱ्या कुणाला दिली गेली तेव्हा मी घरी येऊन जेवले नव्हते. तू कपाटातले कपडे काढायला लागलास. फळ्या उतरवल्यास, फटींना काळा कागद लावलास, आत तो छोटा हिरवा दिवा बसवलास आणि मला म्हणालास, घे तुझी खोली, भाडं नको. आईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की शेंगा कधी धरणार. आजही दर फोनला तेच विचारतात. शेंगा धरायच्या नसून पानं कधी झोपतात ते बघायचंय, हे ऐकल्यावर म्हणाल्या होत्या, माणसं झोपवायची सोडून झाडं काय झोपवत बसलीस गं. तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो.

मला अजूनही त्या पानांचं नवल वाटतं. संध्याकाळ झाली की घेवडा पानं खाली सोडतो, सकाळी पुन्हा आडवी पसरतो. उजेडामुळे असेल म्हणावं, तर पुरत्या अंधारात कोंडला तरी दोन-तीन दिवस त्याचं तेच चालू राहतं. बाहेर सकाळ झालेली त्याला कोण सांगतं? कुणीच नाही. त्याच्या आतच कुठेतरी एक सकाळ असते. सात वाजता कपाट उघडून हिरवा दिवा लावला की ती आठ रोपं अर्धवट उठलेली असतात, आणि मला वाटतं, मी कुणाच्या तरी स्वप्नात पाय न वाजवता शिरले आहे. कोनमापक धरायचं, पानाला हात लागू द्यायचा नाही, श्वास जपून सोडायचा. सकाळी सात आणि नऊ माझे. अकरा, एक आणि तीन तुझे. पाचपासून पुन्हा माझे. दर आठवड्याला नवी आठ रोपं. हे सगळं ठरवताना मी कागदावर झाडांच्या झोपेचं वेळापत्रक आखलं. तू पहाटे तीनला भट्टीवर उभा राहून साडेदहाला घरी येणारा माणूस. तुझ्या झोपेचं वेळापत्रक काही आखलं नाही. अकराची नोंद, मग गजर लावून झोप, एकची नोंद, पुन्हा गजर, तीनची नोंद. झोपेचा असा चुरा करून दिला मी तुला, आणि तू तो गोड मानून घेतलास.

वहीत मी रकाने आखले होते: वेळ, कुंडीचा नंबर, कोन आणि शेवटी शेरा. शेरा म्हणजे काही वेगळं दिसलं तर दोन शब्द, असं मी तुला बजावलं होतं. तू काय लिहायला लागलास! ‘दोन नंबरने मान टाकली, पाणी दिलं, उठून बसला.’ ‘चार नंबरचं पान आणि आमच्या मालकाच्या मिशा, सारखंच वळण.’ ‘सहा नंबर तुझ्यावर गेलाय, हाक मारली की तोंड फिरवतो.’ ‘सात नंबर अजून झोपेत. भाग्यवान.’ पाचला घरी आले की मी आधी शेरे वाचायची, मग कोन. कधी बसमध्ये आठवून हसायची, तर शेजारची बाई सरकून बसायची. खरं सांगते, पाच वर्षांच्या या अभ्यासात मला सगळ्यांत प्रिय काय असेल तर तो रकाना. त्यातल्या ‘भाग्यवान’ या शब्दापाशी मी थांबायला हवं होतं. मी नुसती हसले.

आता तो गुरुवार. चार महिन्यांपूर्वीचा. सकाळी पाच नंबरच्या देठावर काळा डाग दिसला म्हणून ती कुंडी मी पिशवीत घालून बाईंना दाखवायला घेऊन गेले आणि घाईत तुला चिठ्ठी ठेवायची विसरले. बाई नेमक्या बैठकीला गेलेल्या. मी दोन वाजता घरी परत आले. दार उघडलं तर तू याच खुर्चीत गाढ झोपलेला. कानामागे पीठ, तोंड थोडं उघडं, गजराचं घड्याळ मांडीवर, वही छातीवर पालथी. वही घरंगळेल म्हणून मी अलगद काढून घेतली. अकरा आणि एक वाजताच्या नोंदी आठही कुंड्यांच्या होत्या. पाच नंबरचा कोनसुद्धा. पाच नंबर तर माझ्या पिशवीत होता! आणि खाली तीन वाजताची नोंदही भरलेली होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी काय करावं? तुला उठवावं, भांडावं, रडावं, काहीही करता आलं असतं. मी वही परत तुझ्या छातीवर ठेवली, चपला हातात घेऊन बाहेर पडले आणि समोरच्या बागेत बाकावर जाऊन बसले, शेजारी पाच नंबर. पावणेतीन तास बसले. मुलं आली, गेली. एक आजोबा येऊन कुंडीकडे बघून विचारून गेले, की विकायची आहे का. ऊन उतरलं तशी पाच नंबरची पानं खाली येऊ लागली, इतकी सावकाश, की बघत असताना कळत नव्हतं आणि नजर हलवून पुन्हा पाहिलं की कळायचं. तेव्हा मला वाटत होतं की हे सगळं आपलं नाहीच, कुणा दुसऱ्या बाईचं आहे. तिचा नवरा झोपलाय आणि ती रोप घेऊन त्याच्या उठण्याची वाट बघते आहे. पाचला मी मुद्दाम किल्ली खळखळ वाजवत आले. तू डोळे चोळत म्हणालास, आठही जण आज शहाण्यासारखे वागले. मी तुझ्याकडे पाठ करून कुंडी कपाटात ठेवली आणि चहा टाकला.

त्यानंतर मी चार महिने गप्प बसले. तुला दुखवायचं नाही, एवढा दमतो बिचारा, एखाद्या दिवसाने काय होतंय, असं मी स्वतःला समजावत राहिले. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं: तुझ्या मनाच्या आकड्यांची रेषा फार सुंदर येत होती रे. खरी पानं वेडीवाकडी वागतात, कुणी लवकर झोपतं, कुणी हट्टाने जागं राहतं. तुझी पानं वेळेवर निजायची, वेळेवर उठायची. पाव कधी फुगेल ते हाताने ओळखणारा माणूस तू, पानांचाही अंदाज तुझा झकास. बाई तिसऱ्या प्रकरणातली ती आकृती बघून म्हणाल्या, इतकी नितळ रेषा आपण क्वचितच पाहिली. मला इतका आनंद झाला होता, की घरी येताना मी तुझ्यासाठी नवे मोजे घेतले. ते मोजे तू घातलेस की मी दुसरीकडे बघते.

मंगळवारी तू मनगटाला फडकं गुंडाळून आलास. ट्रे लागला म्हणालास, त्यात काय एवढं. बुधवारी तुझ्या मालकांचा मला फोन आला. तुला सांगू नका म्हणाले होते, पण आता हे पत्र सांगण्याचंच आहे. तू भट्टीसमोर उभ्याउभ्या झोपलास. डोळे मिटून पुढे झुकत होतास, त्यांनी कॉलर धरून मागे ओढलं, म्हणून मनगटावर भागलं. ते म्हणाले, ताई, हा घरी झोपतो का? पानं किती वाजता झोपतात हे मी मिनिटाच्या हिशोबाने सांगू शकते. नवऱ्याचं मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी तू झोपल्यावर मी पाचही महिन्यांच्या वह्या काढल्या. मनाचे आकडे कोणते हे ओळखायचं कसं, याची मला धास्ती होती. तासाभरात कळलं, की काही अवघड नाही. ज्या दिवशी तू कपाट उघडलंस त्या दिवशी शेरा आहे, मग तो मिशांचा का असेना. ज्या दिवशी उघडलं नाहीस त्या दिवशी कोन आहेत, शेरा नाही. आकडे तुला रचता आले, पण न बघता त्या रोपांबद्दल एक शब्द लिहिणं तुला जमलं नाही. अशा सदतीस नोंदी निघाल्या. त्यांतल्या एकतीस त्या गुरुवारनंतरच्या, म्हणजे मला कळल्यानंतरच्या. त्या एकतीस तुझ्या नाहीत, माझ्या आहेत. तुझ्या हाताने लिहिलेल्या, एवढंच.

काल बाईंना सगळं सांगितलं. गुरुवार, पिशवीतली कुंडी, बाक, मोजे, सगळं. त्या रागावल्या, पण तुझ्यावर नाही. झोप लागलेल्या माणसाला काय बोलायचं, म्हणाल्या, जागी तर तू होतीस. चार महिने जागी राहून गप्प बसलीस. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण अक्षर न् अक्षर खरं होतं. मग त्यांनी चष्मा पुसला, वही पुढे ओढली आणि सांगितलं, की सदतीसच्या सदतीस खोडायच्या, तिसरं प्रकरण पहिल्यापासून करायचं, प्रबंध पुढच्या खेपेला. जिथे बघितलं नाही तिथे ‘खाडा’ लिहायचा. खाडा लिहायला लाजायचं नसतं, म्हणाल्या, ज्याच्या वहीत एकही खाडा नाही त्याचीच मला भीती वाटते. निघताना म्हणाल्या, तो शेऱ्याचा रकाना मात्र जपून ठेव. सोमवारपासून विभागातली भांडारखोली आम्हाला मिळते आहे, तिथे आम्ही मुलं पाळीपाळीने नोंदी घेऊ. कपाट तुझं तुला परत. फळ्या लावशील तेव्हा हाक मार, या वेळी मी धरते.

मला वाईट वाटत नाही असं म्हटलं तर थाप होईल. काल येताना बसमध्ये मी रडले, आणि शेजारची बाई या वेळी सरकली नाही, तिने खिडकी थोडी उघडून दिली. पण आज सकाळी हिरवा दिवा लावून बसले तेव्हा कितीतरी दिवसांनी ती पानं मला नुसती पानं वाटली. तीन नंबर वेळेआधीच उठला होता, आठ नंबर अजून लोळत होता. रेषा काही नितळ येणार नाही. येऊ दे वाकडी.

आता नऊची नोंद घेऊन मी निघेन आणि हे पत्र वहीत आजच्या पानावर ठेवीन, कारण घरी आलास की तू वही उघडशीलच. पत्र तिथे याचसाठी, की कपाट उघडायच्या आधी तुला हे सगळं समजायला हवं. बघ, अकरा, एक आणि तीन या तिन्ही वेळांपुढे मी आत्ताच लिहून ठेवलंय: ‘खाडा’. शेराही लिहिलाय: ‘नवरा झोपला आहे.’ न बघता केलेली ही माझी पहिली नोंद. गजराचं घड्याळ मी पिशवीत घालून नेते आहे. पडदा ओढ, पांघरूण घे, आणि माझी नोंद खोटी पडू देऊ नकोस.

तुझीच,
कपाटवाली